बाळाला पंख फुटले का? पवित्र शास्त्र देवदूतांबद्दल काय सांगतं

शब्बाथशाळेची_ताई

सलाम सर्वांना.

गेली नऊ वर्षं मी आमच्या मंडळीत शब्बाथ शाळा घेते. दर नाताळात मुलांसाठी पांढरे झगे शिवते, पुठ्ठ्याचे पंख कापते, त्यांना चमकी लावते. तरी गेल्या पंधरवड्यात एका सात वर्षांच्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नापुढे माझी वाचा बसली, म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. अकराही दिवस ते काचेच्या पेटीत होतं. बहिणीला एकदाच मांडीवर घेता आलं, तेही नळ्यांसकट. सोलापूर रस्त्यावरच्या कबरस्थानात माती दिली. पेटी एवढीशी होती की मेहुण्यानं ती एकट्यानं दोन्ही हातांवर नेली.

माती झाल्यावर एक बाई बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नकोस गं, देवाला आणखी एक देवदूत हवा होता." बाई मनानं चांगल्या आहेत, मायेनंच बोलल्या. पण बहीण त्यानंतर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "देवाला काय कमी होतं गं, की त्याला माझंच लागावं?"

त्याच संध्याकाळी कुणीतरी फोनवर चित्र पाठवलं. ढग, त्यावर पंखवालं बाळ, खाली 'स्वर्गातला नवा देवदूत'. थोरल्या भाचीनं ते पाहिलं आणि मला विचारलं, "मावशी, बाळाला पंख फुटले का? मग ते आता आपलं बाळ नाही का राहिलं?"

मी तिला जवळ घेतलं, पण उत्तर दिलं नाही. चुकीचं सांगायचं नाही आणि तिला दुखवायचंही नाही. शास्त्रात देवदूतांबद्दल नक्की काय आहे, माणूस मेल्यावर देवदूत होतो असं कुठे आहे का, हे जाणकारांनी समजावून सांगावं. फार विद्वत्तेचं नको, मला ते मुलीला सांगायचं आहे.

क्वार्टरगेट

ताई, फार वाईट वाटलं. प्रार्थनेत आहोत. जाणकार लिहितीलच, पण एवढं मलाही ठाऊक आहे की माणूस देवदूत होतो असं शास्त्रात कुठेही नाही.

बिबवेवाडी_विद्यार्थी

ताई, बहिणीसाठी प्रार्थना करतो. मी सध्या हिब्रू शिकतो आहे, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो.

जुन्या करारातला शब्द 'मलाख'. त्याचा साधा अर्थ निरोप्या. उत्पत्ती ३२ मध्ये पहिल्याच ओवीत, म्हणजे वचनात, याकोबाला वाटेत देवाचे मलाख भेटतात, आणि लगेच तिसऱ्या वचनात याकोब एसावाकडे आपली माणसं पाठवतो, त्यांनाही मलाखच म्हटलं आहे. आपल्या भाषांतरात एका ठिकाणी देवदूत आणि दुसऱ्या ठिकाणी जासूद येतो, त्यामुळे मराठीत वाचताना शब्द एकच आहे हे लक्षात येत नाही. नव्या करारातल्या ग्रीक 'अँगेलोस'चंही तसंच. लूक ७ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं येशूकडे पाठवलेल्या शिष्यांना तोच शब्द आहे.

म्हणजे हे नाव जातीचं नाही, कामाचं आहे. आपल्याकडे 'दूत' शब्द निवडला गेला तो फार नेमका आहे.

आता पंख. अब्राहामाकडे आलेले तिघे, सदोमात लोटाच्या घरी उतरलेले दोघे, मरियेकडे आलेला गब्रीएल, कबरेवरचा धोंडा लोटून त्यावर बसलेला दूत, यांच्यापैकी कुणाच्याही वर्णनात पंख नाहीत. लोटाच्या गावकऱ्यांना तर ते साधे परगावचे पुरुष वाटले. पंख आहेत ते करूब आणि सराफीम या देवाच्या सिंहासनाजवळच्या स्वर्गीय प्राण्यांना. यशयाला मंदिरात दिसलेल्या सराफीमांना सहा-सहा पंख होते: दोहोंनी ते तोंड झाकत, दोहोंनी पाय आणि दोहोंनी उडत. यहेज्केलानं पाहिलेल्या प्राण्यांना चार पंख आणि चार तोंडं होती, माणसाचं, सिंहाचं, बैलाचं आणि गरुडाचं. ते बघून कुणी 'किती गोड' म्हणणार नाही. यशया स्वतः "हाय हाय, मी मेलो" म्हणून ओरडला.

रोममधल्या प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत ज्या चित्राला गब्रीएल आणि मरियेची भेट मानतात, त्यातही दूत बिनपंखांचाच आहे. ख्रिस्ती चित्रांत पंखवाले देवदूत रुळले ते चौथ्या शतकाच्या शेवटाकडे.

(आमच्या वर्गातल्या एका मित्रानं विचारलं होतं, सराफीम आणि लक्ष्मी रस्त्यावरचे सराफ यांचा काही संबंध आहे का. नाही. आपला सराफ अरबीतून आला. हिब्रूतला सराफ म्हणजे जळणारा, ज्वाळेसारखा.)

केडगावकर

मलाख वाचून एक आठवलं. पंडिता रमाबाईंनी आमच्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं. एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी, १९२१ मध्ये गेली होती. लेकीच्या पश्चात त्या आजारी शरीरानं ते काम पुरं करत होत्या. ताई, तुमच्या बहिणीला हे आज सांगू नका. कधीतरी पुढे सांगा.

सदाशिवपेठी

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडे अजामिळाच्या गोष्टीत यमदूत आणि विष्णुदूत माणसाच्या जिवावरून वाद घालतात. लहानपणी आजी सांगायची, गेलेला माणूस तारा होतो. तेव्हा धीर यायचा, पण पुढे वाटायचं, एवढ्या लांब जाऊन नुसतं लुकलुकायचं? तुमच्या शास्त्रात देवदूत माणसाचा जीव न्यायला येतात का?

पाळक_निवृत्त

सदाशिवपेठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणि ताईंच्या भाचीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, लूक १६ मध्ये.

येशू एका भिकाऱ्याची गोष्ट सांगतो. लाजर. अंगभर फोड, श्रीमंताच्या दारात पडलेला, कुत्री येऊन फोड चाटायची. तो मरतो, आणि देवदूत त्याला उचलून अब्राहामाच्या उराशी नेतात. श्रीमंतही मरतो, त्याला पुरतात. जन्मभर ज्याला कुणी हात लावला नाही त्याला न्यायला देवदूत आले. पण लक्षात घ्या, लाजर देवदूत झाला नाही. तिथे पोचल्यावरही तो लाजरच आहे. नावासकट. श्रीमंत त्याला लांबून ओळखतो.

तेव्हा ताई, भाचीला निःशंक सांगा, बाळाला पंख फुटले नाहीत. ते आपलं बाळच आहे.

कुणी मत्तय २२ दाखवतील, जिथे येशू म्हणतो की पुनरुत्थानात माणसं स्वर्गातल्या देवदूतांसारखी असतील. तिथे प्रश्न लग्नाचा होता, एकामागून एक मेलेल्या सात भावांशी लग्न झालेली एक बायको, ती कुणाची? तिथे लग्न करणं किंवा लावून देणं नसेल, एवढ्यापुरतीच माणसं दूतांसारखी. देवदूत वेगळी निर्मिती आहे, माणूस वेगळी. इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय तर म्हणतो की प्रभू देवदूतांच्या मदतीला गेला नाही, अब्राहामाच्या संतानाच्या मदतीला गेला. तो माणूस झाला, देवदूत झाला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात तारणाच्या ज्या गोष्टी आपल्याला सांगितल्या गेल्या त्या डोकावून पाहण्याची देवदूतांना उत्कंठा आहे असं म्हटलं आहे. पौल करिंथकरांना लिहितो, आपण देवदूतांचा न्याय करू. मग देवाच्या लेकराला देवदूत 'करणं' ही बढती कशी? माती देताना आपण शरीराच्या पुनरुत्थानाची आशा बोलतो. त्याच बाळाच्या, त्याच शरीराच्या.

देवाला देवदूत कमी पडले होते हे तर बोलूच नये. दानीएलाला दिसले ते हजारो हजार आणि दहा हजार गुणिले दहा हजार. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू म्हणाला, मागितलं तर बाप आत्ता बारा सैन्यांहून अधिक दूत पाठवील. त्या बाईंवर मी रागावत नाही. चाळीस वर्षांत कबरेपाशी मी स्वतः काय काय बोलून गेलो आहे ते आठवलं की आज झोप येत नाही.

नानापेठ_कॅथलिक

पाळक साहेबांशी सहमत, आमच्या कॅथलिक शिकवणीतही माणूस देवदूत होत नाही.

आमच्याकडे २९ सप्टेंबरला मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल यांचा सण असतो, आणि २ ऑक्टोबरला रक्षक दूतांचा. राफाएल तुमच्या प्रोटेस्टंट बायबलच्या सहासष्ट पुस्तकांत सापडणार नाही, तो तोबितच्या पुस्तकात आहे, जे आमच्या त्र्याहत्तरांत आहे. सुंदर गोष्ट आहे. तरुण तोबियास लांबच्या प्रवासाला निघतो, सोबतीला एक वाटाड्या मिळतो, मागून घरचं कुत्रंही चालत येतं. वाटाड्या कोण होता ते शेवटी कळतं, तेही मजुरी द्यायची वेळ येते तेव्हा.

आई मला रोज झोपताना रक्षक दूताची प्रार्थना म्हणायला लावायची. पलंगावर थोडी जागा ठेवून झोप म्हणायची, त्याला बसायला. पन्नाशी उलटली, मी अजून भिंतीकडे सरकून झोपतो. त्या बाळालाही पहिल्या श्वासापासून रक्षक दूत होता, अकराही दिवस, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

क्वार्टरगेट

नानापेठ दादा, आदर ठेवून विचारतो. कलस्सैकरांस पत्रात देवदूतांची उपासना करू नका असं स्पष्ट आहे. प्रकटीकरणात योहान दोनदा देवदूताच्या पाया पडायला जातो, दोन्ही वेळा तो थांबवतो: असं करू नको, मी तुझ्यासोबतचा दास आहे, देवाला नमन कर. मग दूताला प्रार्थना कशी चालेल?

नानापेठ_कॅथलिक

उपासना फक्त देवाची, यात आमचंही दुमत नाही. आम्ही दूताला सोबत माग, आमच्यासाठी विनंती कर असं म्हणतो, जसं तुम्ही मघाशी ताईंना 'प्रार्थनेत आहोत' म्हणालात. आणि चर्चनं मर्यादाही घातली आहे. शास्त्रात असलेल्या तीन नावांखेरीज देवदूतांना नावं देऊ नका असं रोमनं २००१ मध्ये लेखी सांगितलं आहे.

पाळक_निवृत्त

या मुद्द्यावर आपण एकमत होणार नाही, तसं व्हायची गरजही नाही. प्रत्येकाला एकेक दूत नेमला आहे का, यावर धर्मसुधारक कॅल्विनलाही खात्रीनं बोलवलं नाही. मत्तय १८ मध्ये लहानांचे दूत स्वर्गात सतत बापाचं मुख पाहतात असं येशू म्हणतो. एकेक की सगळ्यांचे मिळून, ते तो सांगत नाही. लहान लेकरांकडे तुच्छतेनं बघू नका, त्यांची दखल तिथे वर थेट घेतली जाते, हे मात्र तो ठासून सांगतो. अकरा दिवसांचं बाळ त्या 'लहानां'त येतंच.

कोंढवा_वाचक

आमच्याकडे जिब्रील आणि मीकाईल. नावं ऐकून ओळखीचं वाटलं. ताई, तुमच्या बहिणीला सबर मिळो, दुआ करते.

रात्रपाळी_सिस्टर

मी पुण्यातच नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. कुठे ते लिहीत नाही. धागा दोन दिवस वाचते आहे, लिहू की नको करत होते.

आमच्याकडे आया स्तोत्र ९१ कागदावर लिहून पेटीच्या खाली ठेवायला देतात. "तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल." मी तो कागद नीट घडी करून ठेवते, शेजारच्या बेडची आई अंगारा देते तीही पुडी ठेवते. काही बाळं घरी जातात. काही जात नाहीत. सकाळी पेटी पुसताना तो कागद माझ्या हातात येतो.

पाळक साहेब, मला खरं उत्तर द्या. जी बाळं गेली त्यांच्या पेटीपाशी देवदूत नव्हते का?

पाळक_निवृत्त

सिस्टर, काल रात्री तुमचा प्रश्न वाचला आणि सकाळपर्यंत काही लिहिलं नाही.

प्रेषितांची कृत्ये १२ उघडा. हेरोद राजा योहानाचा भाऊ, येशूचा शिष्य याकोब याला तरवारीनं मारतो. एका ओळीत संपतं. मग पेत्राला धरतो. चार-चार शिपायांची चार पथकं पहाऱ्यावर, दोन साखळ्या, दोन शिपायांच्या मध्ये पेत्र झोपलेला. देवदूत येतो, त्याच्या कुशीत मारून उठवतो, कंबर बांध म्हणतो, वहाणा घाल म्हणतो, झगा पांघर म्हणतो. लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र योहान मार्काची आई मरिया हिच्या घरी जाऊन दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरून आत धावते. आतले म्हणतात, तू वेडी आहेस, त्याचा दूत असेल.

लहानपणापासून मी या अध्यायात पेत्राची सुटका शिकवली. याकोबाकडे बघितलं ते फार उशिरा. तोही बारा शिष्यांतला. त्याचीही आई होती, सलोमे, आणि तिनं पेत्राची बातमी ऐकली असेल तेव्हा तिला काय झालं असेल? मंडळी दोघांसाठीही प्रार्थना करत असणारच. एकासाठी दूत आला, एकासाठी तरवार. लूक कारण देत नाही. म्हणून मीही देणार नाही, आणि कुणी देत असेल तर त्याचं ऐकू नका.

स्तोत्र ९१ मधलं तेच वचन सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून ऐकवतो: उडी मार, दूत झेलतील. येशू उडी मारत नाही. ते वचन खोटं म्हणून नाही, तर देवाला कसोटीला लावायचं नाही म्हणून. पुढे गेथशेमानेत लूक लिहितो की स्वर्गातून दूत येऊन त्याला शक्ती देत होता. (काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं नाहीत हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे, तरी मंडळीनं ती जपली.) दूत आला, पण दुःखाचा प्याला टळला नाही. दूत त्याच्याजवळ होता आणि वधस्तंभही होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: होते. लाजराला न्यायला आले तसे. मी डोळ्यांनी पाहिलं नाही, येशूच्या शब्दावर सांगतो. आणि सिस्टर, तो कागद तुम्ही घडी करून ठेवता ती घडी वाया जात नाही.

रात्रपाळी_सिस्टर

धन्यवाद साहेब. आज ड्यूटीला जाताना हे मोबाइलवर ठेवलं आहे.

कोथरूड_नवीन

विषयाशी थोडं संबंधित. माझी मैत्रीण देवदूतांची पत्ते-कार्डं वाचते आणि घड्याळात ११:११ दिसलं की दूताचा इशारा मानते. हे ख्रिस्ती शिकवणीत बसतं का?

बिबवेवाडी_विद्यार्थी

नाही. शास्त्रात दूत येतात ते देवानं पाठवलं म्हणून. कुणी पत्ते मांडून बोलावले म्हणून आलेला एकही दूत मला सापडला नाही. निरोपही कोड्यात नसतो. गब्रीएल जखऱ्याला मुलाचं नाव सांगतो, मरियेला सांगतो. आणि पौल तर गलतीकरांना लिहितो, स्वर्गातल्या दूतानं जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी मानू नका.

केडगावकर

एक राहिलं. 'मलाख' हा शब्द बायबलमध्ये पहिल्यांदा कुणासाठी येतो? उत्पत्ती १६. हागार, मिसरी दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. शूरच्या वाटेवरच्या झऱ्यापाशी दूत तिला गाठतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? तिला नावानं हाक मारतो. त्या घरात तिला नावानं कुणी हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि एलीया संदेष्टा. रतामाच्या झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणत झोपलेला. दूत येतो, हात लावतो, म्हणतो ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला उठवून बसवून उपदेश करत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा म्हणतो, खा, वाट तुला झेपणार नाही.

ताई, बहीण जेवते का?

शब्बाथशाळेची_ताई

सगळ्यांचे शब्द वाचले, काही दोनदा. सिस्टर, तुमचा मजकूर बहिणीला दाखवला नाही, पण मी खूप वेळ घेऊन बसले होते.

काल भाचीला मांडीवर घेऊन सांगितलं. बाळाला पंख फुटलेले नाहीत. ते बाळच आहे, आपलंच आहे. त्याला इथून तिथे जाताना एकटं जावं लागलं नाही, देवदूतांनी उचलून नेलं. तिनं विचारलं, "नळ्यांसकट?" मी म्हटलं, नाही, नळ्या इथेच राहिल्या. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, त्यांना बाळाची मान धरता येते का, कारण मान धरावी लागते, आईनं सांगितलं होतं. मी म्हटलं, येते. मग ती खेळायला गेली. जाताना फोन मागून घेतला आणि ते ढगांचं चित्र स्वतःच पुसून टाकलं.

केडगावकर, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा लक्षात आलं की पंधरा दिवसांत मी बहिणीला वचनं पुष्कळ वाचून दाखवली, ताटावर बसवलं एकदाही नाही. आज दुपारी तिच्याकडे गेले. ज्वारीचं पीठ मळलं, दोन भाकऱ्या थापल्या, वांग्याचं भरीत केलं. काही बोलले नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हात लावून उठवलं आणि ताट पुढे ठेवलं.

अर्धी भाकरी खाल्ली. पाणी प्यायली. मग पुन्हा झोपली. उरलेली झाकून ठेवली आहे, संध्याकाळी परत जाते.